वेळेच्या आधीचं यंत्र

आमच्या टिळकवाडीच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक डबा आहे. मूळचा पांढरा, आता जुन्या फ्रीजसारखा पिवळट पडलेला. झाकणावर नारिंगी रंगाचं एक वेटोळं. हा डबा चालू केला की आधी तारीख विचारतो. आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच संपलीय, त्यामुळं पडद्यावर आपोआप २७ नोव्हेंबर १९९८ ही तारीख येते. ती बदलायची की तशीच ठेवायची हे आपण ठरवायचं. माझा धाकटा भाऊ ती कधीच बदलत नाही. बटण दाबून सरळ पुढं जातो.

२७ नोव्हेंबर १९९८ हा या यंत्राचा वाढदिवस. त्या दिवशी ते जपानमधल्या दुकानांत आलं. त्याचं नाव ड्रीमकास्ट. सेगा कंपनीचं हे शेवटचं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. सव्वादोन वर्षांत कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पुन्हा कन्सोल बनवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. धंद्याच्या हिशेबात हे सपशेल अपयश. तरीही जगभरात यावर जीव टाकणारी माणसं आहेत. त्यातला एक आमच्या घरात आहे. त्या प्रेमाबद्दल मला थोडं लिहायचं आहे. थोडं बाजूनं, थोडं विरोधात.

बाळू १९९७ साली कॅलिफोर्नियाला गेला. वाय-टू-केच्या कामासाठी आपल्याकडून पोरं भरभरून जात होती तो काळ. पुढं तिथंच तो एका छोट्या कंपनीत लागला. घरबसल्या इंटरनेटवरून वाणसामान मागवायचं, असा त्यांचा उद्योग. ९ सप्टेंबर १९९९ ला ड्रीमकास्ट अमेरिकेत आलं. ९-९-९९ ही तारीख मुद्दाम साधलेली, किंमत १९९ डॉलर. बाळूनं पहिल्याच आठवड्यात घेतलं. ३१ जानेवारी २००१ ला सेगानं यंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत बाळूच्या कंपनीला टाळं लागलं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला तो दोन बॅगा आणि हा डबा घेऊन बेळगावला परत आला.

डबा अमेरिकेतला, ११० व्होल्टचा. इथं लावायचा तर मध्ये ट्रान्स्फॉर्मर हवा. तो त्यानं खडेबाजारातून आणला, विटेएवढा जड. तिकडचा रंगीत सिग्नल आमच्या जुन्या टीव्हीला पचत नव्हता, त्यामुळं चित्र काळंपांढरं यायचं. पहिलं दीड वर्ष आम्ही सगळे खेळ काळेपांढरेच बघितले. त्यातला एक खेळ बर्फ पडत असताना सुरू होतो. तिथं रंग नाहीत हे मला कितीतरी दिवस कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून बाळूचं एक ठरलेलं वाक्य आहे. "अक्का, हे यंत्र वेळेच्या आधी आलं गे. लोकांना कळलं नाही." आणि जरा थांबून, "आमच्या कंपनीसारखंच." आता बेळगावातसुद्धा मोबाइलवरून कोथिंबीर मागवता येते. पिशवी दारात आली की तो माझ्याकडं बघतो. बोलत काही नाही.

हे 'वेळेच्या आधी' प्रकरण नीट तपासून बघावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. कॉलेजात मराठी शिकवत माझी हयात गेली. उपेक्षित लेखकाबद्दल 'तो काळाच्या पुढं होता' असं लिहिलेले निबंध मी शेकड्यानं तपासलेत. त्या वाक्याला मी कधी मार्क दिले नाहीत. कारण त्यात लेखकाबद्दल काहीच नसतं, सगळा दोष काळावर ढकललेला असतो.

ड्रीमकास्टचे चाहते साधारण तीन गोष्टी सांगतात. पहिली, सोनीच्या प्लेस्टेशन टू या कन्सोलनं घात केला. मार्च २००० मध्ये ते जपानात आलं तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत जवळजवळ दहा लाख यंत्रं खपली. त्यावर डीव्हीडी सिनेमेही बघता यायचे. दुसरी गोष्ट चोरीच्या डिस्कची. २००० सालीच साध्या सीडीवर उतरवलेले खेळ या यंत्रावर चालवायची युक्ती निघाली. यंत्र उघडून आत काही बसवायचीही गरज नव्हती. तिसरी, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या अमेरिकी कंपनीनं एकही खेळ दिला नाही आणि फुटबॉल-बास्केटबॉलचे शौकीन दुरावले.

तिन्ही खरं आहे. पण तिन्ही गोष्टींत गुन्हेगार बाहेरचाच आहे. घरातलं कुणी दोषी असेल हा विचार या कहाणीत शिरतच नाही.

खरी गोष्ट जरा आधी सुरू होते. १९९४ च्या शेवटी सेगानं आपल्या जुन्या यंत्रावर बसवायची एक जोडणी विकायला काढली, थर्टीटू-एक्स नावाची. लोकांनी पैसे मोजून घेतली. मे १९९५ मध्ये त्याच कंपनीनं अमेरिकेत सॅटर्न नावाचं नवंच यंत्र अचानक दुकानांत आणलं, ठरलेल्या तारखेच्या चार महिने आधी. जोडणी विकत घेतलेल्यांचे पैसे पाण्यात गेले. खेळ बनवणाऱ्यांचे खेळ तयार नव्हते. निवडक दुकानांनाच माल मिळाल्यामुळं बाकीचे दुकानदार भडकले. किंमत ३९९ डॉलर, आणि त्याच सुमाराला सोनीनं आपल्या प्लेस्टेशनची जाहीर केली २९९. पुढं सॅटर्नही अर्ध्यावर सोडलं. म्हणजे 'वेळेच्या आधी' यायची चूक या कंपनीनं खरोखरच केली होती, पण ती सॅटर्नच्या बाबतीत. त्याचं बिल ड्रीमकास्टच्या नावावर फाडलं गेलं.

२००० साली दुकानात उभं राहून 'थांबूया, सोनीचं येऊ दे' म्हणणारा गिऱ्हाईक म्हणूनच मला अरसिक वाटत नाही. तो एकदा-दोनदा पोळलेला होता. बाळूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू नेहमी दुकानदाराच्या बाजूनं बोलतीस." मी म्हटलं, "दुकानदाराच्या नाही रे, पैसे देणाऱ्याच्या."

आपली पत गेलीय हे सेगाला ठाऊक होतं, हे तर फार मजेशीर आहे. जपानमधल्या जाहिरातीत कंपनीचे खरेखुरे संचालक हिदेकाझू युकावा स्वतः दिसायचे. दोन पोरं सेगाला नावं ठेवताहेत, सोनीचं भारी म्हणताहेत, आणि हे साहेब ते ऐकून खचून जातात. जाहिरात तुफान लोकप्रिय झाली. युकावा ताऱ्यासारखे चमकले. पण ऐन सुरुवातीला ग्राफिक्सची चिप पुरेशी तयार होईना म्हणून पुरेसा मालच नव्हता. आपली फजिती इतक्या मोकळेपणानं विकणारी कंपनी मला दुसरी माहीत नाही. ड्रीमकास्टबद्दल आज जो हळवा सूर लागतो, तो कंपनीनं जन्माच्या वेळीच लावून दिला होता असं मला वाटतं.

मग प्रेम करावं असं या यंत्रात होतं तरी काय? इथं मात्र मी बाळूच्या बाजूला येते.

यंत्रात फोनची तार जोडायचा मोडेम आतच बसवून दिलेला होता. १९९८ साली कन्सोलमध्ये असं कुणी करत नव्हतं. कंट्रोलरमध्ये बोटभर पडद्याचं एक मेमरी कार्ड बसायचं. ते काढून खिशात घालून त्यावर छोटे खेळ खेळता यायचे. त्याच्या दोन बॅटऱ्या लवकर संपतात आणि मग यंत्र चालू करताना ते एकदा रडका 'बीप' देतं. आमच्याकडं गेली वीस वर्षं देतंय.

आणि खेळ! बुडत्या कंपनीनं एवढे चक्रम खेळ काढावेत याचं मला अजून नवल वाटतं. जेट सेट रेडिओमध्ये टोकियोतली पोरं चाकांच्या बुटांवरून भिंती रंगवत पोलिसांना चुकवत पळतात. चित्रं हातानं काढल्यासारखी, जाड काळ्या रेघांची. आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर त्याचा पार बोऱ्या वाजायचा, २००३ साली नवा टीव्ही आला तेव्हा मी पहिल्यांदा तो खरा बघितला. सीमन नावाच्या खेळात माणसाच्या तोंडाचा मासा पाळायचा, मायक्रोफोनवरून त्याच्याशी बोलायचं. तो उलट आपल्यालाच खोचक प्रश्न विचारतो. दोन दिवस त्याच्याकडं गेलं नाही तर त्याचे हाल होतात.

फँटसी स्टार ऑनलाइन हा चौघांनी मिळून फोनलाइनवर खेळायचा खेळ. बाळू कॅलिफोर्नियात असताना रात्र रात्र तो खेळायचा. त्यात ठरावीक वाक्यांची एक यादी होती. आपण इंग्रजीत वाक्य निवडायचं, समोरच्या जपानी माणसाला ते जपानीत दिसायचं. अशा पाच भाषा. 'मदत कर', 'इकडं ये', 'आभारी आहे' एवढंच बोलणं, पण भांडण नाही. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून जिथं डोकी फुटली त्या गावात राहणाऱ्या मला हे ऐकून काय वाटलं असेल! बेळगावात मात्र तो खेळ आम्हाला कधी लागला नाही. कंपनीनं नंतर आपले सर्व्हर बंद केले. काही चाहत्यांनी स्वतःच्या खर्चानं सर्व्हर उभारून तो चालू ठेवलाय.

पण ज्यावर खरं भांडण आहे तो खेळ म्हणजे शेनमू. यु सुझुकी यांचा, जपानात डिसेंबर १९९९ मध्ये आला. प्रचंड खर्चाचा. पुढं खुद्द सुझुकींनीच ४ कोटी ७० लाख डॉलरचा आकडा सांगितला होता. १९८६ चा हिवाळा, योकोसुका नावाचं आरमारी बंदराचं गाव. र्‍यो नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या बापाचा खून होतो आणि तो खुन्याचा माग काढायला निघतो. एवढं वाचून हाणामारीची अपेक्षा ठेवाल तर फसाल. र्‍यो दिवसभर करतो काय, तर चौकश्या. काळी मोटार कुणी पाहिली का? खलाशी कुठं बसतात? दुकान उघडायला वेळ असेल तर खरोखर थांबावं लागतं. ड्रॉवर उघडता येतात, त्यांत बहुतेक काही नसतं. १९८६ च्या हवामानखात्याच्या नोंदींप्रमाणे त्या त्या दिवशीचा पाऊस आणि बर्फ दाखवायची सोयही त्यात आहे. पुढं तो धक्क्यावर माल हलवायची गाडी चालवायची नोकरी धरतो, आणि आपण रोज सकाळी उठून त्याच्याबरोबर खोकी इकडची तिकडं करतो.

कॅम्पातल्या शिपायांची ये-जा बघत वाढलेल्या मला ते गाव ओळखीचं वाटलं. खेळात असं रिकामं थांबणं कुणी मुद्दाम घालतं, हे तर फारच धीट वाटलं. सूडाच्या गोष्टीत सूड सोडून बाकी सगळं आहे, हेच या खेळाचं मोठेपण. इंग्रजी बोलणं लाकडी आहे, मारामारी तुरळक आहे, कितीतरी तास नुसते भटकण्यात जातात. या उणिवा मला मान्य आहेत. त्या काढून टाकल्या तर खेळच उरणार नाही.

पण एक गोष्ट कुठलाच चाहता बोलत नाही. र्‍योच्या घरात इने-सान नावाची म्हातारी बाई आहे. घर सांभाळते. रोज त्याच्यासाठी पाचशे येन काढून ठेवते. तो रात्री उशिरा आला की काळजी करते. र्‍यो ते पैसे खेळण्यांच्या यंत्रात घालून प्लास्टिकच्या बाहुल्या काढू शकतो, व्हिडिओ गेमच्या दुकानात उडवू शकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे येन तयार. फुलांच्या दुकानातली नोझोमी त्याच्या एका शब्दाची वाट बघत राहते, शेवटी कॅनडाला निघून जाते. हा आपला माग काढतोय. सूडाला लागणारी सवड घरातली बाई पुरवते, पण ती गोष्ट तिची नाही.

बाळू परत आल्यावर दोन वर्षं त्याला धड काम नव्हतं. अमेरिकेतून आलेला म्हणून लहान काम धरवत नव्हतं, मोठं बेळगावात नव्हतं. दिवसभर योकोसुकात फिरायचा. घर माझ्या पगारावर चाललं होतं. आई त्याच्या टेबलावर पैसे ठेवायची, ते माझेच असायचे, पण ती मला सांगायची नाही आणि मी विचारायची नाही. एकदा तो पुन्हा 'वेळेच्या आधी' म्हणाला तेव्हा मी बोलून गेले, "वेळेच्या आधी आलं की नंतर ते सोड. त्याचं वीजबिल कोण भरतंय ते बघ." तो उठून गच्चीवर गेला. दोन दिवस डबा बंद होता. ते बोलल्याचं वाईट मला आजही वाटतं. पण बोलले ते खोटं नव्हतं.

आणि ड्रीमकास्टचंही बिल कुणीतरी भरलंच होतं. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगावी म्हणून स्वतःच्या खिशातून प्रचंड कर्ज दिलेलं होतं. मरायच्या आधी त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि आपले शेअरही कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते गेले. यंत्र बंद होत असल्याचं जाहीर होऊन दीड महिना झाला होता. सेगा पुढं खेळ बनवत राहिली त्यात या माणसाचा मोठा हात आहे. चाहत्यांच्या आठवणींत सोनीला शिव्या असतात, वेटोळ्याची चित्रं असतात. ओकावांचं नाव मात्र क्वचित येतं. अपयशावर प्रेम करणाऱ्यानं आधी हा जमाखर्च वाचावा असं माझं म्हणणं आहे. नंतर खुशाल प्रेम करावं.

दुसरं असं की अपयश लवकर आलं हे या यंत्राच्या पथ्यावरही पडलंय. प्लेस्टेशन टू पंधरा कोटींच्या वर खपलं, पार म्हातारं होईपर्यंत जगलं. त्यावर हजारो रद्दड खेळही आले. ड्रीमकास्ट नव्वद लाखांच्या थोडं वर गेलं आणि संपलं. वाईट दिवस दाखवायला ते उरलंच नाही. तरुणपणी गेलेल्या काकांचा फोटो घरात नेहमी देखणाच असतो, तसं हे. शेनमूची गोष्ट अर्ध्यावर राहिली. शेवटी र्‍यो जहाजात बसून हाँगकाँगला निघतो. दुसरा भाग अमेरिकेत ड्रीमकास्टवर आलाच नाही, त्यामुळं आमच्या घरचा र्‍यो कित्येक वर्षं समुद्रातच होता. २०१५ साली सुझुकींनी तिसऱ्या भागासाठी लोकांकडंच हात पसरला. ६९ हजारांवर लोकांनी मिळून ६३ लाख डॉलर दिले. २०१९ मध्ये खेळ आला. तो जुन्यासारखाच होता, अगदी हुबेहूब. तेच थांबणं, त्याच चौकश्या, आणि गोष्ट तरीही अपुरीच. कुणी खूश झाले, कुणी वैतागले. लोकांनी वीस वर्षं मागितलं ते त्यांना मिळालं, एवढंच. बाळूनं तो घेतला, आठवडाभर खेळला आणि ठेवून दिला. "बरा आहे," म्हणाला. मी पुढं काही विचारलं नाही.

पण त्यानंतर त्याचं बोलणं थोडं बदललंय. 'वेळेच्या आधी' कमी येतं. त्याऐवजी तो मारियो सांगतो, म्हणजे योकोहामाचा एक कंपाउंडर, ज्याच्याशी तो त्या पाच भाषांच्या यादीतून वर्षभर बोलला. खेळातलं टोपणनाव मारियो, खरं नाव त्यानं कधी विचारलं नाही. त्यांच्या छोट्या ऑफिसात रात्री बारा वाजता कांदेपोहे करणारी तमिळ मुलगी सांगतो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा घरपोच भाजी मिळाली तेव्हा तिनं फोन करून आभार मानले, ते सांगतो. हे सगळं मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. आधीच्या कहाणीत जिंकणं-हरणं एवढंच होतं, माणसं नव्हती. ही आठवण मला पटते. हिच्यात कुणी गुन्हेगार लागत नाही.

बाळूला आता बरी नोकरी आहे, दहावीतली मुलगी आहे. मागच्या सुट्टीत तिनं डबा चालू केला. 'बीप' झाला, तारीख आली. तिनं मेमरी कार्डातले जुने डाव उघडून बघितले. कितीतरी वर्षांच्या डावांवर एकच तारीख, २७ नोव्हेंबर १९९८.

"बाबा, हे सगळं तुम्ही एका दिवसात खेळलात काय?"

तो हसला. मग कंट्रोलर तिच्या हातातून घेतला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं आणि तारखेच्या पानावर थांबला. वर्षाचा आकडा एकेक करून वर चढवायला बराच वेळ लागतो.

"अक्का," स्वयंपाकघराकडं बघून त्यानं विचारलं, "आज तारीख किती गे?"